लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेले की आमच्याकडे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, पुढे मात्र गाण्यांचा दणदणाट. त्यांच्यामागून स्कूटर चालवताना मी रोज मनात चार शिव्या देते आणि रोज मला एकच गोष्ट आठवते: डिसेंबर आला, यादी काढायला हवी. चार सतरंज्या, दोन घोंगडी, कानटोप्या, चहाचा मोठा थर्मास, डासांचं मलम, लाल जिलेटीन कागद लावलेला टॉर्च, लिहायचं पॅड, तीन पेन्सिली. पेन नाही, कारण दवानं कागद ओला झाला की पेन उमटत नाही. ही यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. उल्का बघायला लागल्यापासून गेली कित्येक वर्षं तिच्यात मी एक शब्द बदलला नव्हता. यंदा बदलला. 'सतरंज्या चार' खोडून 'पाच' केलं.

त्या पाचव्या सतरंजीविषयी लिहायला बसले आहे. गोष्ट लाज वाटण्यासारखी आहे. लाज माझी आहे, म्हणून मीच लिहिलेली बरी.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. उल्कावर्षाव म्हणजे काय, हे मुलांना सांगायला मला पुस्तकातली आकृती कधी लागली नाही, ट्रॉलीच पुरली. ट्रॉली कारखान्याकडे जाते तेव्हा वाटेत कांडी सांडत जातात. पाचट उडतं, एखादी मोळी सुटते. ट्रॉली निघून गेली तरी रस्त्यावर तो कचरा पसरलेला असतो आणि मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली तो कडाकडा वाजतो. आकाशातही असंच आहे. धूमकेतू नाहीतर एखादा खडकाळ लघुग्रह सूर्याभोवती फिरताना आपल्या वाटेवर बारीक खडी-माती सांडत जातो. पृथ्वी दर वर्षी ठरलेल्या दिवसांत ती वाट ओलांडते. वाळूच्या कणाएवढे, फार तर हरभऱ्याएवढे खडे प्रचंड वेगानं आपल्या हवेत घुसतात आणि शंभर किलोमीटर उंचीवर पेटून संपतात. त्यालाच आपण तारा तुटला म्हणतो. तारा जागेवरच असतो, तुटलेला असतो तो खडा.

आणि ते सगळे एकाच ठिकाणाहून उधळल्यासारखे का दिसतात? त्याला उसाची सरी. बांधावर उभं राहून बघितलं तर सगळ्या सऱ्या लांब कुठेतरी एका ठिकाणी मिळालेल्या दिसतात. खरं तर त्या शेवटपर्यंत शेजारी शेजारीच असतात. उल्काही अशाच समांतर येतात, पण आपल्याला वाटतं एकाच बिंदूतून फुटल्या. डिसेंबरच्या मध्यावर हा बिंदू मिथुन राशीत असतो, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांतल्या एकाच्या जवळ. ऑगस्टमध्येही एक मोठा वर्षाव असतो, पण ऑगस्टमध्ये कोल्हापुरात आकाश असतं हे मी फक्त ऐकून आहे. म्हणून आमचा हंगाम डिसेंबरचा. ऊस आणि उल्का बरोबर येतात.

बघायचं कसं, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. दुर्बीण नको. शहराचा उजेड मागे टाकायचा. अंधारात अर्धा तास डोळे मुरू द्यायचे. पाठीवर झोपायचं आणि कुठेच टक लावायची नाही. बिंदूकडे तर मुळीच बघायचं नाही, कारण तिथल्या उल्का आखूड दिसतात. लांब, देखण्या रेघा बाजूला मिळतात. नजर सैल सोडायची. अंधारातलं हलतं काही टिपायला डोळ्याची मधली बाजू मंद असते, कडेची बाजू तल्लख असते. "उल्का समोर दिसत नाही, कोपऱ्यातून दिसते," हे माझं वाक्य. एवढ्या वेळा म्हटलं आहे की मुलं माझी नक्कल करतात.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गणिताचे चौगुले सर, आमच्या शाळेतले आणखी दोघं शिक्षक आणि मी, असे आम्ही चौघं सुरुवातीपासूनचे. जागा चौगुले सरांची. गगनबावड्याच्या रस्त्याला, गावापासून आत, त्यांचा एक कातळाचा माळ आहे. पेरून काही उगवत नाही म्हणून मोकळा राहिलेला. पूर्वेला कोल्हापूरचा पिवळट उजेड असतो, एका बाजूला साखर कारखान्याचा, बाकी वर सगळं काळं. गुऱ्हाळाचा वास रात्रीपर्यंत रेंगाळतो. कोणी पाचट पेटवलं असेल तर धुरानं अर्धं आकाश जातं आणि चौगुले सर आपल्या भाऊबंदांना नावं ठेवत बसतात.

नुसतं बघून "अहाहा" करायला जाणं माझ्या स्वभावात नाही. गेलो तर मोजायचं, आणि मोजायचं तर नीट. चौघांनी चार दिशांना डोकी करून झोपायचं, उल्का दिसली की ओरडायचं: "उत्तर, ठळक!" "माथ्यावर, फिकट!" पाचव्या माणसानं लाल टॉर्चच्या उजेडात ते लिहायचं. वेळ, दिशा, ठळक की फिकट, कोणी पाहिली आणि शेवटी शेरा. असे पाच रकाने मी स्वतः आखले. ओरडणाऱ्याच्या शब्दावर लिहिणाऱ्यानं शंका घ्यायची नाही, दिसली म्हणाला की लिहायची, हा नियमही माझाच.

पाचवं माणूस म्हणून मी वन्संना नेलं.

वन्सं म्हणजे माझ्या नणंद, मंगलताई. यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, धाकट्या भावंडांचं करता करता वन्संचं लग्न राहून गेलं आणि मग कोणी विषयही काढला नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात खालची खोली त्यांची. तीस वर्षं एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसल्या. समोर वीस माणसं कालवा करत असताना नाव, वय, पत्ता न चुकता लिहायचा त्यांचा हात. अक्षर छापल्यासारखं. बडबड नाही, मनगटावर घड्याळ, आणि "येता का?" म्हटल्यावर "येतो की" एवढंच उत्तर. एवढा जमून आलेला माणूस मला कुठे मिळणार होता?

पहिल्याच वर्षी, रात्री अकराच्या सुमारास, एक मोठी उल्का गेली. हिरवट, सावली पडेल एवढी. आम्ही चौघंही एकदम ओरडलो. चौगुले सर तर "आई गं!" म्हणून उठून बसले. साहजिकच वन्संनी पॅडवरून मान वर केली. तोवर ती विझली होती, आणि त्या दोन-तीन सेकंदांत आणखी कोणीतरी दिलेली हाक लिहायची राहिली. मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही वर बघू नका. बघायला आम्ही आहोत."

चिडून म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. त्यांनी "बरं" म्हटलं आणि मान खाली घातली. त्यानंतर अकरा वर्षं, दर डिसेंबरात, ती मान खालीच राहिली.

आमच्या घराण्यात, आणि मला वाटतं बहुतेक घराण्यांत, सामानापाशी बसणारं एक माणूस असतं. देवळात गेलो की सगळ्यांच्या चपला राखत बाहेर थांबणारं. जत्रेत सगळे पाळण्यात बसतात तेव्हा सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन खाली उभं राहणारं. लग्नात अक्षता पडत असताना दागिन्यांच्या खोलीत कुलपापाशी बसणारं. हे माणूस कोणी नेमत नाही. एकदा ते "तुम्ही जावा, मी हाय हितं" म्हणतं आणि जन्मभर तिथेच राहतं. पुढे पुढे त्यालाही दर्शन हवं असेल हे कोणाच्या डोक्यात येत नाही. "मंगल आहे ना सामानापाशी?" विचारायचं आणि निघायचं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ही व्यवस्था आयती मिळाली. मी शिकलेली, विज्ञानाची, प्रश्न विचारा म्हणून मुलांच्या मागे लागणारी. मी ती व्यवस्था उचलली आणि माळावर नेऊन आभाळाखाली मांडली.

एका वर्षी गावातल्या एका म्हातारीनं आम्हाला हटकलं होतं. रात्री बॅटऱ्या हलताना बघून चोर आले असतील म्हणून आली होती. काय करताय म्हटल्यावर चौगुले सरांनी सांगितलं, तारे तुटताना मोजतोय. तिनं कपाळाला हात लावला. "आवो, तुटलेला तारा बघू नये, बघितला तर थुकावं. कुणाचा तरी जीव गेलेला असतो त्यो. आन् तुमी मोजताय व्हय?" मी अर्थातच तिला तिथल्या तिथे पाच मिनिटांचा पाठ दिला. ती गेल्यावर वन्सं पॅडवरून म्हणाल्या, "माझं बरं हाय. मी बघतच न्हाय, मला पाप न्हाय." आम्ही सगळे हसलो. मीही. चांगला विनोद झाला म्हणून पुढे दोन-तीन ठिकाणी सांगितलाही.

आमच्या वह्यांचं कौतुकही झालं. दर वर्षीच्या नोंदी मी नीटनेटक्या करून खगोलप्रेमींच्या एका मंडळाला पाठवत असे. त्यांनी एकदा कार्यक्रमात बोलावून मला शाल-श्रीफळ दिलं. "चिकाटीनं केलेल्या नोंदी" असं काहीतरी बोलले, वही उघडून लोकांना दाखवली. पानावरचं अक्षर सगळं वन्संचं. वन्सं शेवटच्या रांगेत होत्या, माझी पर्स धरून. घरी येताना शाल आणि नारळही त्यांच्याकडेच दिला, कारण स्कूटर मला चालवायची होती.

आता गेल्या हिवाळ्याविषयी.

त्या आधीची दोन-तीन वर्षं वन्सं घरात धडपडायला लागल्या होत्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या कोपरानं उडायचा. गल्लीत पोरांचा फुटबॉल यायचा आणि त्यांना तो लागल्यावरच कळायचा. मी म्हणायची, "बघून चाला की वन्सं, दार काय आज बसवलंय?" त्या म्हणायच्या, "ध्यानच न्हाय बघा वहिनी माझं." मी मान्य करायची, की होय, ध्यानच नाही. वय झालं की माणूस असं होतं, हा माझा निष्कर्ष. एकही प्रयोग न करता काढलेला. वर्गात कोणी असा निष्कर्ष लिहिला असता तर मी शून्य गुण दिले असते.

वह्यांतही फरक पडला होता. शेवटचा रकाना, शेऱ्याचा, बऱ्याच ओळींत कोरा राहायला लागला होता. कधी एका ओळीवर दुसरी ओळ चढायची. मी घरी येऊन ती पानं पुन्हा उतरवून काढायची आणि मनात म्हणायची, यांना कंटाळा यायला लागला.

गेल्या वर्षी माळावर आमच्याबरोबर सानिका आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता इंजिनीअरिंगला आहे. जन्मात गप्प न बसणारी. रात्री दोनला आम्ही चहाला उठलो. थर्मासभोवती सगळे "तो बघितला का, हा बघितला का" करत होते. सानिकानं वन्संना कप दिला आणि विचारलं, "आत्या, तुम्हाला आजचा सगळ्यात भारी कुठला वाटला?"

"कुठला म्हंजे?"

"तारा हो. तो हिरवट, का तो लांबडा गेला तो?"

"मी कुठं बघतो बाळ? मी लिवतो."

"आज नाही, पण आधी? इतकी वर्षं येताय की."

"लिवणाऱ्यानं वर बघायचं न्हाय. नियम हाय वहिनींचा."

"म्हणजे एक पण नाही बघितला?" सानिकाचा आवाज एवढा चढला की लांब कुठलं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

"ऐकल्यात की," वन्सं म्हणाल्या. "सगळे ऐकल्यात. वह्या भरल्यात माझ्या."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. चौगुले सर चहात बघत बसले. सानिका माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं तिनं मला फळ्यापुढे बघितलं होतं. अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

मी काय केलं? जे मला येतं ते. व्यवस्था बदलली. "वन्सं, उठा. माझ्या सतरंजीवर झोपा. पॅड आणा इकडे." त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. घोंगडं पांघरलं, कानटोपी नीट केली, पाठ म्हणून दाखवला: कुठेच टक लावायची नाही, नजर सैल सोडायची, कोपऱ्यातून दिसतं.

पुढचा तास हंगामातला सगळ्यात भरलेला होता. हाकांवर हाका. माझी पेन्सिल थांबत नव्हती. वन्संची हाक एकही नाही.

"वन्सं, दिसतंय ना?"

"बघतो की."

"अहो आत्या, आत्ता तुमच्या डोक्यावरून गेला!" सानिका ओरडली.

"व्हय? गेला?"

असं सहा-सात वेळा झालं. शेवटी मी म्हणाले, "वन्सं, झोप लागली काय तुम्हाला?"

"न्हाय वो वहिनी. जागी हाय."

तीन वाजता मी पॅड परत त्यांच्या हातात दिलं. वाक्यही आठवतंय: "राहू द्या. सवय नाही तुम्हाला. तुमचं लिहिण्यातच बरं." त्यांनी बरं म्हटलं. उठताना त्यांचा पाय बाजूच्या थर्मासला लागला आणि उरलेला चहा सांडला. मी त्याबद्दलही बोलले.

कळलं ते चार दिवसांनी, स्वयंपाकघरात. वन्सं भाकरी थापत होत्या, मी बाजूला उभी राहून त्यांच्यासाठी पिठाचा डबा धरला होता. त्या पीठ शोधत होत्या. डबा त्यांच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि त्यांचा हात परातीभोवती चाचपत फिरतोय. मी डबा खाली ठेवला आणि तिथेच उभी राहून बोटं हलवली. मग थोडी पुढे येऊन. मग आणखी पुढे. त्यांच्या नाकाच्या जवळजवळ समोर आले तेव्हा त्या दचकल्या. "आगं बया! तुम्ही कवा आलासा?"

डोळ्याची कडेची बाजू तल्लख असते. उल्का कोपऱ्यातून दिसते. हे सांगत मी पंचवीस वर्षं पगार घेतला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातलं प्रेशर वाढतं, नस मरत जाते, आणि नजर कडेनं खात खात आत येते. दुखत नाही, मधलं अक्षर शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. जवळच्या माणसाच्या मात्र लक्षात येऊ शकतं. एवढं म्हणून त्यांनी विचारलं, "धडपडायला कधीपासून लागल्या?" तारीख मला ठाऊक होती. शेऱ्याचा रकाना कोणत्या डिसेंबरात कोरा पडायला लागला ते वहीत होतं. वन्संनी स्वतःच्या हातानं नोंदवून ठेवलं होतं, आणि मी घरी तेच पान स्वच्छ उतरवून काढलं होतं.

नजरेची कड तपासायचं एक यंत्र असतं. त्याच्या पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या एका ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला उजेडाचे बारीक ठिपके चमकून विझतात, चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी खोलीत बसून ऐकत होते. बटणाचा आवाज क्वचितच येत होता. शेवटी यंत्रातून कागद आला. मध्ये थोडं पांढरं, बाकी सगळं काळं.

बाहेर आल्यावर वन्सं पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "वहिनी, ही तुमची उल्काच की! फक्त हितं लिवायला मशीन हाय." आणि मोठ्यानं हसल्या. बाकावरचे पेशंट बघायला लागले. मला त्या दिवशी त्यांच्या बरोबरीनं हसता आलं नाही.

गेलेली नजर परत येत नाही. आहे ती थेंब टाकून राखायची. सकाळी सातला आणि रात्री नऊला थेंब मी टाकते, चुकवत नाही. दारांच्या चौकटींना पिवळी पट्टी लावली, तांब्या ठेवायची जागा बदलली, जिन्याला दुसरा कठडा बसवून घेतला. एका दुपारी मी त्यांना म्हणालेही, "वन्सं, माझं चुकलं." त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "कशात?" आता कशात हे सांगायला कुठून सुरुवात करायची? देवळाबाहेरच्या चपलांपासून? मी म्हणाले, "डोळ्यांचं." त्या म्हणाल्या, "त्यात तुमचं काय? पंधरा पावलांवर डोळ्याचा डॉक्टर बसायचा माझ्या खिडकीपासून, मला तरी कुठं सुचलं?" आणि माझ्यापुढे फोडलेल्या शेंगा सरकवल्या. माफ करायला त्यांना काही सापडलंच नाही. माझी लाज होती तिथेच राहिली.

यंदा ट्रॉल्या दिसायला लागल्या तेव्हा मी विचारलं, "येणार का माळावर?"

"लिवायला जमायचं न्हाय आता. लाल उजेडात तर काय दिसत न्हाय."

"लिहायला नाही. बघायला."

त्यांनी हातातली बांगडी बोटानं फिरवली. मग म्हणाल्या, "बांगडीतून बघितल्यागत दिसतं वहिनी. बांगडीएवढं आभाळ. त्यात काय घावणार?"

हा प्रश्न मला आवडला, कारण त्याला उत्तर काढता येण्यासारखं होतं. मी चौगुले सरांना फोन केला. आम्ही दोघांनी स्टाफरूममध्ये कागदावर आकृती काढून बघितली. लांब रेघांच्या उल्का त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. बांगडीच्या एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं निघून जातील, कळायच्या आत. त्यांना हव्यात आखूड. आणि आखूड उल्का मिळतात बरोबर त्या बिंदूपाशी, जिथे बघायचं नाही म्हणून मी पोरांना जन्मभर सांगत आले. आपल्याच दिशेनं येत असल्यामुळे त्या तिथे जेमतेम बोटभर लांब दिसतात. बांगडीत मावतील. चौगुले सर म्हणाले, "पण तिथं कमी दिसतात बाई. तासाला एखादी मिळाली तर नशीब." मी म्हणाले, "एकच हवी आहे."

परवा गेलो. पाच सतरंज्या. धूर नव्हता, चंद्र नव्हता, थंडी मजबूत होती. नऊला गाडीतच थेंब टाकले. माळावर वन्संना मधली सतरंजी दिली आणि त्यांचा हात धरून बोटानं पुनर्वसूचे दोन तारे दाखवले. "इथेच बघायचं. नजर हलवायची नाही. टक लावायची." माझ्या तोंडून हे ऐकून सानिका हसली.

मी पॅड घेऊन बसले. लाल टॉर्चच्या उजेडात बसलं की बाकी सगळं किती काळं होतं, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं. मान भरून येते. बोटं गारठतात. चारी बाजूंनी माणसं आनंदानं ओरडत असतात आणि आपल्यापुढे पाच रकाने. बाराच्या आसपास चौगुले सर, सानिका, सगळे एकदम किंचाळले आणि माझी मान आपोआप वर उचलली गेली.

"वहिनी," अंधारातून वन्संचा आवाज आला, "वर बघायचं न्हाय. बघायला आम्ही हाय."

चौगुले सर खोकल्यासारखं हसले. मी मान खाली घातली.

साडेबारा झाले, एक झाला. वन्सं गप्प. दोनदा मला वाटलं विचारावं, दिसतंय का म्हणून. विचारलं नाही. गेल्या वर्षी विचारून काय केलं होतं ते आठवत होतं. घोंगड्याखाली त्यांच्या बांगड्या तेवढ्या मधूनच वाजत होत्या, म्हणजे जाग्या होत्या.

एक वाजून चाळीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "दिसला."

ओरडल्या नाहीत. केसपेपरच्या खिडकीतून पुढचं नाव घ्यावं तसं.

"कुठे?" मी विचारलं.

"बांगडीत."

बाकी कोणी हाक दिली नव्हती. सानिका हळूच म्हणाली, "मला नाही दिसला." चौगुले सर म्हणाले, "माझी नजर पलीकडं होती." सगळ्यांच्याच नजरा पलीकडे होत्या. बिंदूकडे बघायचं नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं. तिथे बघणारं त्या माळावर एकच माणूस होतं. तिथे खरंच काही पेटून विझलं, की थंडीत चार तास बसलेल्या भावजयीला मोकळं करायला त्या तसं म्हणाल्या, हे मला कळायला काही मार्ग नाही. आखलेल्या पाच रकान्यांत शंकेचा रकाना नाही. तो मीच ठेवला नव्हता.

मी मान खाली ठेवली आणि लिहिलं. वेळ एक चाळीस. पुनर्वसूजवळ. आखूड. 'कोणी पाहिली' या रकान्यात, इतक्या वह्यांत पहिल्यांदा: मंगल.

अक्षर त्यांच्याइतकं चांगलं आलं नाही.